शाळेची हवा आणि मास्तरांची अपेक्षा



मूल शाळेत का शिकते आणि का शिकत नाही, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक, मूलच हुशार किंवा मूलच ढ. दुसरे, मास्तर चांगले किंवा मास्तर वाईट. पहिल्या उत्तराने सगळा भार दैवावर पडतो आणि दुसऱ्याने एका माणसाच्या डोक्यावर. या दोहोंच्या मध्ये आणखी एक गोष्ट असते. तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मास्तर वर्गात शिरतात तेव्हा समोरच्या प्रत्येक मुलाविषयी त्यांच्या मनात एक अंदाज असतो. हा पुढे जाईल, हा जाणार नाही; हिला सांगून उपयोग आहे, हिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. या अंदाजालाच मी अपेक्षा म्हणतो. आज मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. ही अपेक्षा मुलाच्या शिकण्यावर परिणाम करते, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. ही अपेक्षा मास्तर सगळीच्या सगळी घरून घेऊन येत नाहीत. तिचा मोठा भाग शाळेच्या हवेत तयार होतो, आणि ती हवा तयार करण्यात मुख्याध्यापकांचा हात सर्वांत मोठा असतो.

ज्याचे शिक्षण बहुतेक शाळेबाहेरच झाले, अशा युनियनच्या कार्यकर्त्याने या विषयावर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की ही गोष्ट मी प्रथम कारखान्यात पाहिली आणि पुस्तकांत नंतर वाचली. हंगामाच्या सुरुवातीस नवा पोरगा कामावर येतो. एखाद्या खात्याचा फोरमन पहिल्याच दिवशी म्हणतो, "याच्याच्याने काही व्हायचे नाही, हातात झाडू द्या." तो पोरगा तीन हंगाम झाडूच मारतो आणि चौथ्या हंगामात सगळे म्हणतात, फोरमनसाहेब बरोबर बोलले होते. शेजारच्या खात्यात तसाच दुसरा पोरगा येतो. तिथला फोरमन त्याला जुन्या फिटरच्या हाताखाली देतो आणि फिटरला बजावतो, "हंगाम संपायच्या आत याला पंप खोलून जोडता आला पाहिजे. नाही आला तर मी तुला विचारीन." या पोराच्या हाती पाना येतो. दोन्ही पोरे सारखीच होती. फरक होता तो जाब कोणाला विचारला जाणार यात. हे एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे सोपे होईल.

आता शाळेकडे वळू. अपेक्षेचा परिणाम होतो, याला पुरावा काय? अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये, सॅन फ्रान्सिस्को शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत १९६४ साली एक प्रयोग झाला. रॉबर्ट रोझेन्थाल हे मानसशास्त्रज्ञ आणि लिओनोर जेकबसन या मुख्याध्यापिका, अशा दोघांनी तो केला. मुलांची एक बुद्धिचाचणी घेण्यात आली. मग शिक्षकांना प्रत्येक वर्गातील काही मुलांची नावे देऊन सांगण्यात आले की, ही मुले या वर्षात झपाट्याने पुढे येण्याची चिन्हे आहेत. खरे पाहता ती नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी काढलेली होती. वर्षअखेर पुन्हा चाचणी घेतली तेव्हा, विशेषतः पहिली-दुसरीच्या वर्गांत, ती नावे दिलेली मुले इतरांपेक्षा पुढे गेलेली आढळली. १९६८ साली हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि जगभर त्याची चर्चा झाली.

या प्रयोगावर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. पुढे अनेकांनी तसे प्रयोग केले. काहींत परिणाम दिसला, काहींत दिसला नाही. आजपर्यंतच्या अभ्यासाचा निष्कर्ष थोडक्यात असा: मास्तरांचा अंदाज बऱ्याचदा बरोबरच असतो, आणि केवळ अपेक्षेने सर्वसाधारण मुलात पडणारा फरक लहान असतो. परंतु ज्या मुलांना समाजाने आधीच खालचे मानलेले असते, त्यांच्या बाबतीत तो मोठा होतो. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, बाप शिकलेला आहे, त्या मुलाला मास्तरांनी कमी लेखले तरी घर त्याला सावरते. ज्याला शाळेखेरीज दुसरा आधार नाही, त्याला शाळेचा अंदाज हाच निकाल ठरतो.

हे घडते तरी कसे? त्यात जादू काही नाही. रोझेन्थाल यांनी याच्या चार वाटा सांगितल्या आहेत. त्या आपल्या वर्गात बसून पाहता येतात. पहिली वाट जवळिकीची. ज्या मुलाकडून आशा आहे त्याच्याकडे मास्तर हसून पाहतात, त्याच्या बाकाजवळ जातात. दुसरा भिंतीकडे बसलेला असतो. दुसरी वाट शिदोरीची. आशेच्या मुलाला अवघड गणित मिळते, बाकीच्यांना "तुम्ही पाटीवर अक्षरे गिरवा" असे सांगितले जाते. जे शिकवलेच नाही ते येणार कोठून? तिसरी वाट संधीची. आशेचा मुलगा उत्तर देताना अडखळला तर मास्तर थांबतात, सूचक शब्द देतात. दुसरा अडखळला तर "बस खाली" म्हणून प्रश्न पुढच्याला जातो. चौथी वाट दुरुस्तीची. एकाच्या वहीत चूक कोठे आणि का, ते लिहिलेले असते; दुसऱ्याच्या वहीवर नुसती सही असते. दिवसाला अशा दहा-वीस बारीक गोष्टी. वर्षाला किती होतात त्याचा हिशेब आपणच करावा. मास्तरांनी एकही कठोर शब्द न बोलता हे सारे घडू शकते, आणि बहुधा तसेच घडते.

मुलाला हे कळत नाही असे आपण समजतो. मुलाला सर्वांच्या आधी कळते. उत्तर प्रदेशातील खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघी संशोधकांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट काढण्याची कोडी सोडवायला दिली. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. जोपर्यंत कोणाचीही जात उच्चारली नव्हती तोपर्यंत सवर्ण आणि दलित मुलांच्या कामात फरक नव्हता. मग सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात मोठ्याने सांगण्यात आली. लगेच दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. मुले तीच आणि कोडीही तशीच. खोलीतली हवा तेवढी बदलली होती.

दुसरा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो रेमा हन्ना आणि ली लिंडन यांचा. त्यांनी आपल्याच देशातील शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला दिल्या आणि त्यांवर मुलाचे वय, जात, मुलगा की मुलगी हे मनाने बदलून लिहिले. खालची मानलेली जात लिहिलेल्या पत्रिकांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. विशेष असे की हा भेद खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या परीक्षकांकडून अधिक झालेला दिसला. यावर आपण थांबून विचार केला पाहिजे. हा दुष्टपणाचा प्रश्न असता तर असे झाले नसते. सोसलेल्या माणसाच्या मनातही तोच अंदाज शिरतो, कारण तो अंदाज त्याच्या भोवतालच्या हवेत असतो.

येथे आपण आजच्या मुख्य मुद्द्याशी आलो. ही हवा म्हणजे काय? शाळेची हवा इमारतीत किंवा रंगवलेल्या भिंतींत नसते. लंडन शहरात मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ माध्यमिक शाळांचा काही वर्षे अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९७९ साली निघाले. सारख्याच गरीब वस्तीतली मुले घेणाऱ्या शाळांचे निकाल एकमेकांपासून फार वेगळे होते. इमारत जुनी की नवी, शाळा लहान की मोठी, यावर तो फरक अवलंबून नव्हता. शिकवण्याला शाळेत किती महत्त्व आहे, मुलांवर जबाबदाऱ्या सोपवतात की नाही, कामाची कदर होते की नाही आणि सर्व शिक्षक एका धोरणाने वागतात की नाही, यावर तो होता. तासाला वेळेवर जाणे, गृहपाठ देऊन तो तपासणे, मुलांची कामे भिंतीवर लावणे, अशा साध्या गोष्टी मिळून ती हवा होते.

अमेरिकेतील शिकागो शहरातील पाच प्राथमिक शाळांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तो आपल्याला अधिक जवळचा वाटेल. जेथे गरीब कृष्णवर्णीय मुले जास्त होती, तेथे शिक्षक आपसांत मुलांच्या उणिवांविषयीच बोलत: घरी कोणी लक्ष देत नाही, आईबापांना पर्वा नाही, पाया कच्चा आहे. यातले काही खरेही असेल. पण त्याचा परिणाम असा झाला की मूल शिकले नाही तर ती आपली जबाबदारी, ही भावनाच शिक्षकांत मंदावली. दोष घराचा ठरला की हात मोकळे होतात. तथापि त्याच अभ्यासात हेही दिसले की, शाळेच्या प्रमुखांनी मनावर घेतले तर ही समजूत मोडता येते. आपल्या फोरमनची गोष्ट येथे पुन्हा आठवावी. मुद्दा होता, जाब कोणाला विचारायचा.

मुख्याध्यापक ही हवा कशी घडवतात, हे मी चार प्रश्नांच्या रूपाने सांगतो. पहिली इयत्ता कोणाच्या हाती देतात? अनुभवी शिक्षक वरच्या वर्गाला आणि नवखा किंवा रजेवरून परतलेला पहिलीला, अशी वाटणी असेल तर शाळेने आपले मत सांगून टाकले. शिक्षकांच्या खोलीत एखाद्या वस्तीतल्या किंवा समाजातल्या मुलांविषयी "यांचे असेच" असे कोणी म्हणाले, तर मुख्याध्यापक काय करतात? ते हसले तर नव्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यातच शिकवण मिळते. मुलाची प्रगती विचारताना ते वर्गाची सरासरी विचारतात की नाव घेऊन विचारतात, "या मुलीला वाचता येते का? नसेल तर आपण काय केले?" आणि चौथा प्रश्न: शिक्षक अडला तर त्याच्या वर्गात बसून त्याला मदत करतात, की फक्त नोटीस देतात? मदत न देता नुसती अपेक्षा वाढवणे याला आमच्याकडे जुलूम म्हणतात. वेग वाढवा म्हणून सांगायचे आणि यंत्राला तेल द्यायचे नाही, अशातला तो प्रकार आहे.

आपल्या मराठवाड्यात याचे थोर उदाहरण होऊन गेले आहे, आणि मला त्याचा विशेष अभिमान वाटतो, कारण तो माणूस आधी कामगार चळवळीतला होता. व्यंकटेश भगवान खेडगीकर यांनी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांत काम केले आणि मग ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आणि त्यानंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक म्हणून राहिले. आपण त्यांना स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखतो. काळ निझामी राजवटीचा. वरचे शिक्षण उर्दूतून, मराठी खेड्यातल्या पोराकडून कोणाची काही अपेक्षा नाही. अशा वेळी या शाळांनी त्या पोरांकडून देशकार्याची अपेक्षा केली. १९३८ साली स्वामीजी शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले, आणि मुक्तिसंग्रामाला पुढे जे तरुण मिळाले त्यांत अशा शाळांतून तयार झालेले अनेक होते. मोठी अपेक्षा ठेवणारा मुख्याध्यापक आधी स्वतः ती पाळून दाखवतो, हे त्यांच्या उदाहरणावरून शिकावे.

आता आपल्या दाराशी येऊ. वडीगोद्री धुळे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. जायकवाडीचा डावा कालवा या अंबड तालुक्यातून जातो, अंकुशनगरला साखर कारखाना आहे, आणि गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यातून उचल घेतलेले कोयते मुकादमाच्या मागून पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, आणि त्याच वेळी दुसरीकडचे कोयते आपल्या भागातल्या उसाच्या फडावर येऊन कोप्या घालतात. म्हणजे जाणारी मुले आणि येणारी मुले, दोन्ही आपल्याला दिसतात. पाडव्याच्या आगेमागे ही मंडळी परततात. तोवर शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

या मुलांविषयी शाळेत एक वाक्य ठरलेले असते: "हा काय, दिवाळीनंतर जाणारच." हे वाक्य जूनमध्ये उच्चारले जाते, हे लक्षात घ्या. मूल फडावर जाण्याआधी चार-पाच महिने शाळेत असते, पण त्या महिन्यांतच ते अर्धे गेलेले धरले जाते. त्याला मागे बसवले जाते, त्याची वही तपासण्याची घाई नसते. मग ते खरोखर जाते, फडावर धाकटे भावंड सांभाळते किंवा वाढे गोळा करते, परत येते तेव्हा मागे पडलेले असते, आणि शाळा म्हणते, पाहा, आम्ही म्हणत होतो ना! अंदाज खरा ठरला; पण तो खरा ठरवण्यात शाळेचा वाटा किती, हे कोणी विचारीत नाही.

समजा, दोन शेजारच्या गावांत दोन शाळा आहेत आणि दोन्हींतून सारखीच मुले ऊसतोडीला जातात. एका शाळेत मुख्याध्यापक जूनमध्येच यादी करतात: कोणाचे आईबाप जाणार, घरी आजी-आजोबा कोण आहेत, मूल मागे राहू शकेल का. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलाने गावातच नातलगांकडे राहावे आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीने करावी, अशी ती व्यवस्था. मुख्याध्यापक तिचा प्रस्ताव वेळेवर पाठवतात आणि दसऱ्याआधी आईबापांना भेटतात. जे मूल जाणारच, त्याला शिक्षण हमी पत्रक देतात, म्हणजे ते जेथे जाईल तेथल्या शाळेत बसू शकेल. आणि परत आल्यावर त्याचे काय राहिले ते भरून काढण्याचे काम नाव घेऊन एका शिक्षकावर सोपवतात. दुसऱ्या शाळेत यातले काही होत नाही. डिसेंबरात नावापुढे गैरहजेरी लागते एवढेच. या दोन शाळांतले शिक्षक एकाच गावचे, एकाच पगाराचे असतील. पण पहिल्या शाळेतला शिक्षक त्या मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहील, कारण त्याच्या शाळेने ते मूल परत येणार असे धरूनच सारी मांडणी केली आहे. अपेक्षा बदला असे त्याला कोणी सांगितले नाही. कामाची मांडणी बदलली, आणि अपेक्षा तिच्यामागून आली.

फडावर आलेल्या मुलांच्या बाबतीतही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि मागे राहिलेले शिकवण्यासाठी खास प्रशिक्षण द्यावे लागते. मूल दुसऱ्या शाळेतून येत असेल तर दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. कायदा इतका स्पष्ट आहे. पण कोपीतले मूल दारात उभे राहिले असता "आता कशाला, दोन महिन्यांनी जाणारच" हे शब्द येतात की "ये, बस" हे येतात, ते त्या शाळेच्या हवेवर ठरते.

मी कामगारांची बाजू मांडणारा माणूस आहे, आणि शिक्षक हाही कामगारच आहे. म्हणून त्याची बाजू सांगणे मला भाग आहे. वर्गात दोन-दोन इयत्ता, निवडणुकीचे काम, निरनिराळ्या माहितीचे तक्ते, पोषण आहाराचा हिशेब, आणि एवढे करून वर सर्वांचा संशय. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही त्याने मुलांवर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा फार झाली. मुख्याध्यापकांचेही तसेच. कायद्याच्या मापाप्रमाणे प्राथमिक शाळेत १५० पेक्षा जास्त मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद मिळते. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत इतकी मुले कोठून असणार? तेथे एक शिक्षकच वर्ग सांभाळून मुख्याध्यापकाचे काम पाहतो. ज्याच्या हाती हवा बदलण्याची किल्ली आहे त्याला किल्ली फिरवायला वेळ ठेवलेला नाही. ही व्यवस्थेची उणीव आहे, आणि तिच्याविषयी वर आवाज उठवला पाहिजे.

तरीही या व्यवस्थेतच काम झाल्याचे उदाहरण आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांबरोबर काम केले. "प्रत्येक मूल शिकू शकते" हे तेथे धरून चालले, आणि मूल शिकत नसेल तर शिकवण्याची रीत बदलायची, असा नेम ठेवला. अधिकारी तपासणीला येण्याऐवजी वर्गात बसू लागल्या. शिक्षक खुर्ची सोडून मुलांत जमिनीवर बसले. इतर जिल्ह्यांतून शिक्षक ते पाहायला जाऊ लागले. २०१५ साली शासनाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम काढला, त्यात अशा कामाचा आधार होता. यातला धडा माझ्या मते असा की अपेक्षा ही वरून खाली झिरपते. अधिकारी शिक्षकाला शिकू शकणारा माणूस मानतो, तेव्हा शिक्षक मुलाला तसे मानू लागतो. परंतु नुसते परिपत्रक झिरपत नाही. त्याबरोबर माणूस यावा लागतो.

राहता राहिला प्रश्न आपला, गावकऱ्यांचा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया, असे कायदा म्हणतो. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्या करण्यापुरती उरते. तिने सभेत हिशेबाबरोबर तीन प्रश्न विचारावेत. पहिलीला कोण शिकवते? ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची यादी झाली का, आणि त्यांपैकी एकेकाचे काय ठरले? वाचता न येणाऱ्या मुलांची नावे कोणती, आणि त्यांच्यासाठी शिक्षकांना आमच्याकडून काय मदत हवी? शेवटचा प्रश्न विसरू नये. तो नसेल तर पहिले दोन नुसती उलटतपासणी होतील. आणि समितीत ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक तरी माणूस घ्यावा. ज्याचे मूल जाते त्याच्यासमोर बसून "हा काय, जाणारच" असे म्हणणे कोणालाही जड जाते.

शाळेची हवा ही मुख्याध्यापक घडवतात, पण गावाचे जे बोलणे असते ते वेशीवर थांबत नाही. शिक्षकांच्या कानी ते जातेच. आपण पारावर बसून कोणत्या मुलांविषयी काय बोलतो, याचाही त्या हवेत भाग आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आणि दसऱ्याला कोयते निघतील तेव्हा या गोष्टीची आठवण ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.